कृषी केंद्राचा व्हॉट्सॲप ग्रुप बोलका कसा ठेवायचा

दुकानाच्या ओट्यावर बसून शेतकरी म्हणाला, "सोयाबीन निघालंच नाई ना भाऊ," आणि मालक मान वर न करता बिल फाडत राहिला, तर तो माणूस पुन्हा त्या ओट्यावर चढत नाही. फोनवर मात्र हेच रोज घडतं. मृगाच्या शुभेच्छांच्या पोस्टखाली कुणी विचारतं, "मागच्या साली तुमचं बी वांझोटं निघालं, त्याचं काय?" त्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि पुढे त्याच पेजवर पोळ्याचं चित्र येतं.

कंपनीला किंवा दुकानाला सोशल मीडियावर खरोखर माणसासारखं बोलता येतं का, या प्रश्नाचं आमच्या मते उत्तर असं: पाटीला बोलता येत नाही, पाटीमागच्या माणसाला येतं. पण त्या माणसाला उत्तर द्यायला वेळ हवा, आणि "आमचं चुकलं" किंवा "हे औषध घेऊ नका" म्हणायची मुभा हवी. ही मुभा नसेल तर कितीही चांगला मोबाईल घेऊन दिला तरी तो जाहिरातीच पाठवत बसेल. हा लेख कापूस-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातल्या कृषी केंद्रांसाठी आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी माणूस ठरवा

ग्रुप कोण चालवणार, त्याचं नाव पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगा. प्रोफाइलला लोगोऐवजी त्याचा काउंटरवरचा फोटो लावा. मालक स्वतः असेल तर उत्तम. मुलगा, सून किंवा नोकर असेल तरी चालेल, पण त्याला तीन गोष्टी कुणालाही न विचारता करता आल्या पाहिजेत. न फोडलेली पिशवी किंवा डबा परत घेणं. "आमच्याकडे नाही, दुसऱ्या दुकानात मिळेल" असं सांगणं. आणि "सध्या फवारणीची गरज नाही" असं लिहिणं. तिसरी सगळ्यात जड जाते, कारण त्यात त्या दिवसाचा गल्ला कमी होतो. पण शेतकरी ग्रुपवर विश्वास ठेवायला लागतो तो याच एका वाक्याने.

वेळ ठरवून द्या: सकाळी वावरात निघण्याआधी साडेसहा ते साडेसात आणि रात्री जेवणं झाल्यावर आठ ते नऊ. हंगामात एवढा वेळ लागतोच. काउंटरवर गर्दी असताना एका हाताने दिलेली उत्तरं तुटक होतात, आणि औषधाचं प्रमाण चुकतं ते अशाच वेळी.

नंबर, ॲप आणि तीन वेगळी साधनं

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे आणि दुकानाच्या लँडलाइनवरही सुरू होतं. घरचा नंबर वापरू नका, नाहीतर लग्नपत्रिका आणि बोंडअळी एकाच ठिकाणी येतील. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला, किंवा १४ दिवस काही बोलणं न झालेल्याला, या ॲपमधून आपोआप स्वागताचा मेसेज जातो. त्यात गोड शब्द नकोत. माणसाचं नाव, दुकानाची वेळ आणि "फोटो पाठवताना कसा पाठवायचा" एवढं लिहा. रात्रीच्या आपोआप उत्तरात हे एक वाक्य असलंच पाहिजे: "सकाळी साडेसहानंतर उत्तर देतो. फवारणी करताना मळमळ, चक्कर, धाप असा त्रास झाला असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या." डबा यासाठी, की विषबाधेवरचा उतारा त्याच्या लेबलवर छापलेला असतो.

साठवून ठेवलेली झटपट उत्तरं या ॲपमध्ये ५० पर्यंत करता येतात. दुकानाची वेळ, खताचा दर, पत्ता यांसाठी ती वापरा. पिकाच्या प्रश्नाला किंवा तक्रारीला कधीच नाही. दोन शेतकऱ्यांना शब्दाला शब्द तेच उत्तर गेलं की संध्याकाळी पारावर फोन शेजारी शेजारी ठेवले जातात आणि गोष्ट उघड होते. ॲपमध्ये प्रत्येक चॅटला चिकटवता येणारी लेबलं मात्र भरपूर वापरा: "उत्तर बाकी", "वावर पाहायचं", "कंपनीला कळवलं", "तक्रार मिटली".

आता तीन साधनांतला फरक. चॅनेल म्हणजे दवंडी: तुम्ही बोलता, बाकीचे ऐकतात, फार तर अंगठा दाखवतात. ब्रॉडकास्ट म्हणजे घरोघर टाकलेली चिठ्ठी. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच ती पोचते. "मले तर मेसेजच येत नाई" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून बिल देताना नंबर समोरच जतन करून द्या. ग्रुप म्हणजे चावडी. तिथे शेतकरी शेतकऱ्याला उत्तर देतो, आणि खरा संवाद होतो तो तिथेच. ग्रुप काढून "फक्त ॲडमिनच लिहू शकतील" असं कुलूप लावलं तर चावडीची दवंडी होते. तेच करायचं असेल तर चॅनेल काढा.

ग्रुप किती मोठा

व्हॉट्सॲप १०२४ जणांपर्यंत परवानगी देतं. आमचा सल्ला शंभर-सव्वाशेवर थांबण्याचा आहे, आणि तेही एका नाल्याकाठची किंवा एकाच जमिनीची तीन-चार गावं मिळून. भारी काळ्या जमिनीत वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, यायचा असतो तेव्हा बरडावर, म्हणजे हलक्या जमिनीवर, डवरणी (कोळपणी) सुरू झालेली असते. दोघांना एकच सल्ला दिला तर एकाचं नुकसान ठरलेलं. शिवाय ओळखीच्या माणसांत खोटं बोलणं अवघड असतं. "माझ्या पऱ्हाटीला (कपाशीला) साठ बोंडं" असं कुणी लिहिलं की शेजारच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, लगेच म्हणतो, "उद्या येऊन मोजतो."

कुणालाही परस्पर ग्रुपमध्ये घालू नका. काउंटरवर विचारा, हो म्हणाला तर लिंक पाठवा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे आधी सांगा. बायांच्या बाबतीत तर नक्कीच सांगा. निंदण आणि वेचणी बहुतेक त्यांच्याच हातून होते, अळी आधी त्यांनाच दिसते, पण बिलावर नाव घरधन्याचं असतं आणि ग्रुपवर नंबरही त्याचाच. गावातल्या बचत गटाला विचारून बायांचा वेगळा छोटा ग्रुप करा आणि त्याची ॲडमिन त्यांच्यातलीच ठेवा. त्या लिहिण्यापेक्षा आवाजी मेसेज जास्त पाठवतील, तेव्हा उत्तरही आवाजातच द्या, आणि गावात बोलतात तसंच बोला. मेळघाटात किंवा सिरोंच्याकडे नेटवर्क कमी असतं. तिथे व्हिडिओ टाकूच नका, अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज पुरतो.

नियम चारच ठेवा आणि वर टाचून ठेवा: पिकाचंच बोलायचं, रात्री दहानंतर मेसेज नाही, औषधाचं प्रमाण लेबल पाहूनच लिहायचं, आणि "अनेकदा फॉरवर्ड" असा दुहेरी बाण असलेला मेसेज टाकायचा नाही. दुसरा ॲडमिन शेतकऱ्यांमधला हवा, म्हणजे दुकानाविरुद्धची तक्रार पुसली जाणार नाही अशी लोकांना खात्री राहते. ॲडमिन होण्याला लोक घाबरतात. दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणातच दिला आहे. तरीही घाण दिसली की काढा, ॲडमिनला तो मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो.

"काय मारू?" या प्रश्नाचं उत्तर

ग्रुप टिकतो की बुडतो हे इथे ठरतं, म्हणून या भागावर सगळ्यात जास्त कष्ट घ्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फोटो येतो: लाल पडलेलं एक पान, खाली "भाऊ, पऱ्हाटी लाल पडून राह्यली, काय मारू?" लगेच औषधाचं नाव लिहिणं सोपं आहे आणि विक्रीही होते. तसं करू नका. आधी तीन फोटो मागा: पूर्ण झाड, पानाची मागची बाजू जवळून, आणि धुऱ्यावरून दिसणारं वावर. मग विचारा: लाली खालच्या पानांपासून सुरू झाली की वरच्या? कडा वाटीसारख्या वळल्या का? पान उलटं केल्यावर तिरपे चालणारे हिरवे तुडतुडे दिसतात का? पाणी साचलं होतं का? खत शेवटचं कधी दिलं?

तुडतुडे असतील तर उपाय वेगळा. खालची पानं लाल, शिरा हिरव्या आणि बोंडं भरत आली असतील तर मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं असण्याची शक्यता मोठी, त्यात रात्री थंड झाल्या की लाल्या, म्हणजे पानांचं हे लाल पडणं, वाढतो. तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, फवारायला सांगा, ते स्वस्तात येतं. पीक उलंगवाडीकडे, म्हणजे हंगामाच्या शेवटाकडे, झुकलं असेल तर सरळ लिहा, "काका, आता खर्च करू नका." हे उत्तर ग्रुपवरच लिहा, खाजगीत नको. एकाला दिलेलं उत्तर शंभर जण वाचतात, आणि पुढच्या वेळी निम्मे प्रश्न शेतकरीच एकमेकांचे सोडवतात.

ओळखता आलं नाही तर "मला कळलं नाही, उद्या सकाळी वावरात येतो" लिहा आणि जा. ते जमत नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या फुकट नंबरकडे पाठवा. अंदाजाने औषध सांगण्याची किंमत विदर्भाने मोजली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. म्हणून ग्रुपवर दोन-तीन औषधांचं मिश्रण कुणी सांगत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. उत्तरात औषधाच्या नावासोबत लेबलवरचं प्रमाण, डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग (लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा) आणि वाऱ्याच्या दिशेने, तोंड-हात झाकून फवारायची आठवण एवढं तरी असावं. तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या कापसाच्या बियाण्याची चौकशी ग्रुपवर हमखास होते. तिथे गप्प बसू नका: परवानगी नाही, पक्कं बिल मिळत नाही, बी फसलं तर दाद मागता येत नाही, हे लिहून मोकळे व्हा.

शेतकऱ्याकडून माहिती येऊ द्या

दुकानच बोलत राहिलं तर ग्रुप थकतो. लोकांना आकडा टाकायला सांगा. कपाशी ४५ दिवसांची झाली की एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग पकडणारे) लावायला सांगा आणि रोज सकाळी प्रत्येकाने गाव आणि अडकलेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची संख्या लिहायची. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ आली. त्याच्या आत असेल तर थांबायचं. आठवडाभरात लोक दुकानाला विचारायचं सोडून एकमेकांचे आकडे वाचायला लागतात. सापळ्यातली गोळी बदलायला विसरले की आकडे एकदम पडतात आणि अळी गेली असं वाटतं, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला ग्रुपवर आठवण द्या.

मे महिन्यात असंच सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचं. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवायचे, गोणपाट ओला ठेवायचा, सहा-सात दिवसांनी मोड मोजायचे आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. ७० निघाले तर एकरी ३० किलो, ६० निघाले तर ३५ किलो. हे शिकवल्याने दुकानातल्या पिशव्या कमी विकल्या जातात, ते खरं आहे. पण दुबार पेरणी टळलेला शेतकरी तूर आणि हरभऱ्याला तुमच्याकडेच येतो. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, हे जूनमध्ये रोज लिहा, कंटाळा येईपर्यंत.

खताची पाटी रोज ग्रुपवर

साठा आणि दराचा फलक दुकानात लावणं खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार बंधनकारकच आहे. त्याच फलकाचा फोटो रोज सकाळी टाका: युरियाच्या ४५ किलोच्या किती गोण्या (दर २६६ रुपये ५० पैसे), ५० किलोच्या डीएपीच्या किती. गाडी कधी येणार ते माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहा. बंडी किंवा ऑटो करून वीस किलोमीटर आलेल्या माणसाला "संपलं" ऐकावं लागलं, तर तुमच्या सगळ्या गोड पोस्ट त्या दिवशी वाया जातात.

डीएपीसोबत दुसरी बाटली घ्यायला लावायची, म्हणजे लिंकिंग, असं दुकानात होत असेल तर ग्रुप काढूच नका. तिथे पहिला प्रश्न तोच येणार, आणि यायलाच हवा. कंपनी तुमच्यावर लादत असेल तर कृषी विभागाकडे लेखी कळवा आणि कळवल्याचं ग्रुपवर सांगा.

तक्रार आली की

पहिले दोन तास महत्त्वाचे. "बी निघालं नाही" हे वाचून खाजगीत बोलवायचा मोह होतो. आधी ग्रुपवरच लिहा: "दादा, वाचलं. उद्या आठ वाजता वावरात येतो. पिशवी, टॅग, बिल आणि उरलेलं बी जपून ठेवा." त्यानंतर लॉट नंबर, म्हणजे पिशवीवरचा बियाण्याच्या खेपेचा क्रमांक, मागा आणि त्याच लॉटचं बी कुणी पेरलं का ते सगळ्यांना विचारा. अनेकांकडे तोच लॉट फसला असेल तर दोष बियाण्यात असू शकतो. एकाच वावरात फसला असेल तर पेरणीची खोली पाहा: सोयाबीन पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं की नीट निघत नाही. पेरल्यावर जोराचा पाऊस येऊन वर पापडी धरली का, तेही पाहा. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, पिशवी उंचावरून आदळली तरी उगवण घटते. ही चूक तुमच्या हमालाची असू शकते, आणि तसं असेल तर कबूल करून पिशवी बदलून द्या.

दोष बियाण्यात वाटत असेल तर शेतकऱ्याला तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करायला मदत करा. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. उशीर झाला आणि वावर मोडून दुबार पेरणी झाली की पुरावाच उरत नाही. म्हणून अर्जाचा कोरा नमुना ग्रुपवर आधीच टाकून ठेवा. दुकानदाराने स्वतः असा नमुना देणं कंपनीच्या प्रतिनिधीला आवडणार नाही. तरी द्या.

निकाल काय लागला तेही त्याच ग्रुपवर सांगायचं. नुकसान भरून मिळालं नसेल तर तसं सांगायचं. तक्रार पुसली तर तिचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर फिरतोच, आणि तिथे तुम्ही उत्तर द्यायला नसता.

कंपनीचा प्रतिनिधी आणि "प्रगतशील शेतकरी"

कंपनीचा माणूस ग्रुपमध्ये असायला हरकत नाही, पण नावापुढे कंपनीचं नाव लिहून. शेतकऱ्याच्या नावाने घुसलेला प्रतिनिधी ओळखता येतो: त्याचं पीक कधीच बिघडत नाही. फुकट औषध किंवा पैसे घेऊन कुणी व्हिडिओ करत असेल तर तो संबंध उघड सांगणं २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरजेचं आहे, आणि गावात तर शहाणपणाचंही. "हे औषध मला कंपनीने दिलं, अर्ध्या एकरात मारलं, अर्धं तसंच ठेवलं" असा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत पाहतात, कारण त्यात तुलना करायला दोन पट्टे असतात.

मुंबई-पुण्याहून पेज चालवणाऱ्या मोठ्या कंपनीने गावाशी गप्पा मारायचा आव आणू नये. तिच्याकडून शेतकऱ्याला हवं ते थोडं आहे: कमेंटला २४ तासांत उत्तर, उत्तराखाली माणसाचं नाव, तालुक्याच्या प्रतिनिधीचा चालू नंबर, आणि लॉटमध्ये दोष सापडला तर तो लॉट नंबर पेजवर. वऱ्हाडी बोलीतली विनोदी चित्रं नागपूरच्या एजन्सीकडून करून घेण्याआधी एवढं करावं.

मोजायचं काय

लाइक आणि सदस्यसंख्या सोडून द्या. शंभर पानी वही घ्या आणि रोज पाच रकाने भरा: प्रश्न किती आले, उत्तर किती वेळात गेलं, किती उत्तरांत "काही घेऊ नका" सांगितलं, किती प्रश्नांना शेतकऱ्यांनीच उत्तर दिलं, तक्रारी किती उघड्या आहेत. तिसरा रकाना महिनाभर कोरा राहिला तर तुमचा ग्रुप म्हणजे जाहिरातीची भिंत झाली आहे. चौथा वाढत असेल तर चावडी भरली. पाचव्यात एकच नाव पंधरा दिवस दिसलं तर मालकाने स्वतः त्या घरी जायचं.

डिसेंबर-जानेवारीत फरदड (वेचणीनंतर पाणी देऊन लांबवलेलं कपाशीचं पीक) न ठेवता पऱ्हाट्या काढायची आठवण दिली की ग्रुप थंड पडतो. त्याला जबरदस्तीने जागं ठेवू नका. रोज "शुभ सकाळ" टाकलं की लोक ग्रुप मूक करतात, आणि जूनमध्ये तुमचा कामाचा मेसेजही त्यांना दिसत नाही. उन्हाळ्यात ज्यांना निघायचं असेल त्यांना निघू द्या, सोडून गेलेल्यांचे नंबर यादीतून काढा. आणि मे महिन्यात, बियाण्याची पहिली पिशवी विकण्याआधी, वहीतून गेल्या हंगामाचा हिशेब उतरवून ग्रुपवर टाका: तक्रारी किती आल्या, कोणत्या लॉटच्या, किती मिटल्या, किती मिटल्या नाहीत आणि का. मग त्या दिवशी ग्रुप रात्री दहापर्यंत सगळ्यांसाठी उघडा ठेवा आणि जे येईल त्याला उत्तर द्या.